फळी चार बोटं खाली

— नाही हो, वाकडी कुठे म्हटलं मी? वर गेलीय म्हटलं. चार बोटं वर गेलीय फळी, तेवढी खाली घ्या, बस्स. हसताय काय, सुतारदादा? फळी वर जात नाही? मग काय मी खाली आले? — हं. आलेय. पण हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या, यांनासुद्धा सांगितलेलं नाही मी. आणि चारच बोटं हं, जास्त नको, नाहीतर माझ्या जावेचाही हात पोचेल आणि सगळंच मुसळ केरात!

धाकटी जाऊ हो. यायचीय आत्ता, कित्येक वर्षांनी. ती बुटुकबैंगण आणि मी अशी ताडमाड — सासरे मला शिडी म्हणायचे, लाडानं हो — आणि एकत्र राहत होतो तेव्हा दिवसभर हिचं एकच, शिडी, साखरेचा डबा काढ, शिडी, बल्ब बदल. मी नुसता हात वर केला की डबा हातात! तोरा होता माझा. दुसरं होतं काय माझ्याकडे? स्वयंपाक तिचा चांगला, गळा तिचा गोड, नवरा — जाऊ दे, नवरे दोघेही सारखेच. उंची तेवढी माझी. आणि आज ती म्हणणार, शिडी, डबा काढ — आणि मी काय करू, स्टूल शोधू? मेले तरी नाही!

तसं स्टुलावर चढायची मला बंदीच आहे. पाळी गेली तेव्हा म्हटलं, सुटले एकदाची — कसलं काय, जाताना हाडातलं सत्त्व घेऊन गेली. पाठ अशी धरायची, की कूस बदलायची तर यांना उठवून म्हणायचं, ढकला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, मणके दबलेत, आणि धाडलं मला त्या व्यायामवाल्या पोरीकडे. एवढीशी पोरगी, मला म्हणते, आजी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. अगं, शाळेत कधी शिक्षा झाली नाही मला, ती आता भोगू? हनुवटी आत, खांदे मागे, मग ओट्याला धरून टाचा उचला, टेकवा, उचला, टेकवा — दूध तापवताना करते मी, दूध गेलं उतू, यांना वाटलं बाई कामातून गेली. — गुण? आता खोटं कशाला बोलू, आहे गुण. कूस माझी मी बदलते. पण उंची? विचारलं मी तिला, परत येईल का गं? तर म्हणते, गेली ती गेली आजी, आहे ती जपू. मेली खरं बोलते.

— बेल! आली वाटतं. वेळेआधी टपकायची सवयच आहे तिला! तुम्ही ठोका, ठोका, विचारलंच तर सांगा, फळी ढिली झालीय. — आले गं, आले! ये, ये, अगं —

अगं, ही काठी कसली? आणि पाठ एवढी वाकली... कधीपासून हे? मला कळवायचं नाही? — शिडी काय म्हणतेस, कुठली शिडी! खचलेय मी चांगली चार बोटं, विचार या दादांना. सांगा हो! — हस, हस मेले. आता रडतेस कशाला? रात्री फार दुखतं? माहितीय गं, सगळं माहितीय मला. व्यायाम दाखवलाय कुणी? नाही? उद्याच नेते तुला त्या पोरीकडे, आगाऊ आहे पण हात गुणाचा आहे. — हळू गं, मिठी हळू मार, माझीही हाडं ठिसूळच आहेत!

सुतारदादा, आवरा ते. फळी राहू द्या तिथेच, डबा यांना काढायला सांगते, तेवढा तरी उपयोग होऊ दे त्यांचा. — नाही, उद्याही नको. अहो, उभे काय राहिलात? दोन म्हाताऱ्या गळ्यात गळा घालून रडतायत, तिथे सुताराचं काय काम? निघा!