बातमी परत करण्याची तारीख

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी ही सभा भरली त्या आपल्या ग्रंथपाल बाई, आणि मागच्या रांगेत दाटीवाटीनं बसलेले आमच्या पॅकिंग खात्यातले दोस्तहो,

माझी शाळा सातवीत सुटली. तरी मी बोलावं हा बाईंचा हट्ट. काही चुकलं तर जाब त्यांनाच विचारा.

घरापासून इतक्या लांब इथल्या कारखान्यात कामाला आलो, तेव्हा वाचनालयात यायचो ते फुकटच्या वाय-फायसाठी. एका जागी बूड टिकत नाही म्हणून बाईंनी माझं नाव ठेवलं भिंगरी. एकदा त्या माझ्या मोबाइलमध्ये डोकावल्या.

"काय रे हे?"

"बातम्यांची साइट, बाई. कुणीही बातमी टाकतो, आवडली की लोक तिच्याशेजारचा बाण दाबतात. जास्त बाण, ती वर."

"वाचून दाबतात?"

"छे! मथळा बघून."

"अरे, मग ही आपली परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी झाली! वरचं पुस्तक चांगलंच असतं असं नाही, नुकतंच कुणीतरी हाताळलेलं असतं."

दुसरं कुणी नाक मुरडून गेलं असतं. बाईंनी तिथं खातं उघडलं. रोज सगळ्यात वरची बातमी छापून फलकावर लावायच्या आणि खाली ठोकायच्या पुस्तकावरचाच शिक्का, परतीच्या तारखेचा! बातमी आठवडाभर उसनी. तेवढ्यात तिचं मूळ सापडलं तर ठीक, नाहीतर खाली. आमच्या खात्यात तर वेडच लागलं. साहेबांचं लग्न ठरलं असं कुणी म्हटलं, की सगळे ओरडणार, "तारीख टाक!"

हसताय? पण त्या शिक्क्यानंच मला वाचवलं. साइटवर एकदम वर आलं, आमचा कारखाना बंद होणार. मी बॅग भरली आणि वाचनालयाचं कार्ड परत करायला आलो. बाईंनी कार्ड घेतलंच नाही. बॅग मात्र घेतली आणि काउंटरमागे ठेवून दिली. "आठवड्यानं ये. खरं निघालं तर स्टेशनवर मी सोडते तुला." मग एका लिंकवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर करत आम्ही पोचलो ते आमच्याच नावाच्या भलत्याच कारखान्यापाशी. तो केव्हाच बंद पडला होता! आई फोनवर म्हणाली, "त्या बाईंना नमस्कार सांग. तुला एका जागी बसवणं मला पाळण्यातसुद्धा जमलं नव्हतं."

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात साइटवर आलं, बाई निवृत्त झाल्या की वाचनालयाला कुलूप. बाणांचा नुसता पाऊस. बाईंनी तीही बातमी स्वतःच लावली, शिक्का मारला आणि मला म्हणाल्या, "मूळ शोध." शोधलं. साइटवर नाही सापडलं. असलंच तर ते या व्यासपीठावर आहे. अध्यक्ष महोदय, निर्णय तुमच्या समितीचा, आणि शिक्क्यावरची तारीख आजची. प्रसंग निरोपाचा आहे, तरी विचारतो, खरं आहे का हे?

नुसती मान हलवून कसं चालेल, साहेब? हा घ्या माइक.

ऐकलंत? "मुळीच नाही. सोमवारी नवे ग्रंथपाल येतायत." टाळ्या थांबवा जरा! बाई, उठा, तो कागद तुमच्याच हातानं काढा. टाचणी तिथंच राहू द्या, नव्या माणसाला लागेल.

अध्यक्षांना भर सभेत धरलं, त्याबद्दल मोठ्या मनानं माफ करा. शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार.

आणि बाई, कार्ड मी अजूनही परत करत नाहीये.