एका डोळ्यावरचं झुलूप

—नाही, मान खाली नको घालूस, आरशात बघ. अस्सं. काय सांगून गेली तुझी आई? 'चेलोबाई, सैनिकासारखे बारीक करा, कपाळ मोकळं दिसलं पाहिजे' — आणि गेली बाजारात, डोळे पुसत. तिचं तरी काय चुकलं म्हणा! या आठवड्यातला तू पाचवा. पाच आया, पाच पोरं, सगळ्यांचं एकच — कापा. कापते की. आधी विंचरू तर दे. रोज इस्त्री फिरवतोस ना रे केसांवरून? जळका वास येतोय. मला कळतं. सत्तावीस वर्षं या चौकामागे खुर्ची टाकून बसलेय, माझे डोळे बांधलेस तरी नुसत्या हाताने सांगीन, खुर्चीत कोण बसलंय ते. लोकांना काय, काळे कपडे दिसले की सगळी पोरं सारखीच. आमचे पाद्रीबाबा तर सरसकट सैतानाची पिल्लं म्हणून मोकळे होतात. सारखी कशी असतील? गॉथ पोरीचे केस निळसर काळे, फवारा मारून मारून काथ्यासारखे ताठ — पायघोळ झगा, चेहरा पिठासारखा, आणि गाणी अशी की तळघरात कुणीतरी सावकाश ढोल वाजवतंय. पंक म्हणजे साबण लावून उभा केलेला तुरा, जाकिटाला खिळे, पिना — त्यांचं गाणं दोन मिनिटांत आटपतं, नुसता आरडाओरडा, पण मजा येते. मेटलवाले कात्री लावूच देत नाहीत, टोकांना हे फाटे फुटलेले, अंगात कवटीवाला टीशर्ट, आणि गिटार म्हणजे घरात मिक्सर चालू. आणि तुम्ही इमो — तुमचं हे एका डोळ्यावरचं झुलूप, घट्ट पँट, काळ्यात थोडं गुलाबी, आणि गाणी आधी रडतात, मग ओरडतात. हसलास! हसलास की रे. मला नोएने ऐकवली होती ती गाणी, इथेच — इअरफोनची एक गुंडी त्याच्या कानात, एक माझ्या.

हो, तोच नोए. ओळखत होतास? — नुसता चेहऱ्याने. टॉर्तियाच्या दुकानात मक्याच्या पोळ्या भाजते ना, त्या एउलालियाचा मुलगा तो. गुरुवारी माझ्याकडून झुलूप नीट करून घेऊन गेला, आणि शुक्रवारी चौकात, कारंज्यापाशी — तू होतास का रे तिथे? नव्हतास. बरं झालं. देवाने वाचवलं तुला. दीडदोनशे पोरं चालून आली म्हणतात, पंक, मेटलवाले, आणि ज्यांना काहीच कळत नाही अशी कितीतरी. आणि कारंज्यावर बसलेली तुमची ही इमो पोरं बारा-पंधरा, हातात आइस्क्रीम. राजधानीहून टीव्हीवाले आले, विचारत होते, 'एवढा राग कशाचा?' कशाचा म्हणजे! 'आमची नक्कल करतात, आमचंच उचलतात आणि रडतात,' असं म्हणतात ती पोरं. मी स्वतः ऐकलंय जेवताना — म्हणजे, एफ्रेन म्हणतो कधीकधी. माझा मुलगा. तो मेटलवाला. पण तो नव्हता हं त्यात, तो घरी होता शुक्रवारी. घरीच होता. आला जरा उशिरा, पण आला, जेवला.

दवाखान्यात गेले होते मी नोएला बघायला. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. आणि इथे, बघ, इथे तुझ्या कपाळावर बोट ठेवलंय ना, इथून ओढून काढलंय झुलूप, मुळासकट. एउलालिया माझा हात धरून म्हणते, 'चेलो, किती सुंदर कापले होतेस गं तू त्याचे.' सूप नेलं होतं, ते ठेवलं आणि आले.

दुखलं का? कंगवा जोरात ओढला गेला माझ्याकडून. — तो मोबाइलवरचा निरोप तुलाही आला होता का? 'शुक्रवारी चौक साफ करायचा.' त्याखाली खुणा दिल्या होत्या, कुणाला मारायचं, कुणाला नाही. 'नुसत्या काळ्या कपड्यांवर जाऊ नका. गॉथना हात लावू नका. एका डोळ्यावर पडदा, काळ्यात गुलाबी, केसांना इस्त्रीचा वास — तोच.' इस्त्रीचा वास! सांग, कुठल्या पोराला सुचेल हे? ते माझं आहे. माझे शब्द आहेत ते. आधीच्या रविवारी एफ्रेनचे मित्र जेवायला होते, एकजण म्हणाला, 'मावशी, आम्हाला तर सगळे सारखेच दिसतात हो, ओळखायचं कसं?' आणि मला काय चेव आला! सगळे ऐकतायत, हसतायत — घरात कुणी ऐकत नाही रे माझं एरवी, एफ्रेन तर आठ-आठ दिवस बोलत नाही. सांगत सुटले. नकला करून दाखवल्या. तो मुलगा मोबाइलवर बोटं चालवत होता, मला वाटलं आपल्या मैत्रिणीशी बोलत असेल.

आणि एफ्रेन — त्याचं जाकीट धुवायला घेतलं शनिवारी. बाहीच्या चेनमध्ये केस अडकले होते, सात-आठ. सरळ, टोकाला करपलेले, आणि रंग मी लावलेला. मी कापलेलं झुलूप मला ओळखू येत नाही? मी त्याला विचारलं, 'हे काय आहे, एफ्रेन?' तर म्हणाला, 'तूच सांग, तुला सगळं हाताने कळतं ना.' आणि दार लावून घेतलं. त्या मिक्सरचा आवाज मोठा केला. मी जाकीट धुतलं. दोनदा धुतलं. पोलीस आले होते, माझ्याच खुर्चीत बसून दाढी करून गेला त्यातला एक, 'काही कानावर आलं तर सांगा, चेलोबाई.' हो म्हटलं. काय करायचं होतं मी? तू सांग. तू हुशार दिसतोस. केस तर नळातून वाहून गेले.

कुठे निघालास? अरे, बस. कापायचेत अजून, आई येईल तुझी — गळ्यातलं कापड तरी सोडू दे. असा बघू नकोस माझ्याकडे, मी हात नाही लावला कुणाला, मी फक्त बोलले. सांगणार आहेस का आईला? सांग. मला नाही जमलं, तू सांग. — नाही, थांब, नको सांगूस, एकुलता एक आहे रे तो — अरे, निदान टोपी तरी घाल बाहेर पडताना, केस आत घाल, चौकातून नको जाऊस... जा. जा तू. आईला म्हणावं, चेलोची कात्री चालत नाही आता. दुसरीकडे बघा. आणि दार ओढून घे.