पाच इंचांची लबाडी

मास्तर : सहा पूर्णांक आठ! ऐकलंस का? आधी ते मशीन थांबव!

बायको : थांबवलं, ओरडू नका. तीन महिन्यांपूर्वी किती होती?

मास्तर : साडेआठ! डॉक्टर म्हणाले, मास्तर, कमाल केलीत! तीन महिन्यांची सरासरी साखर अशी उतरलेली रोज बघायला मिळत नाही म्हणे. मला तर नाचावंसं वाटतंय!

बायको : मग नाचा की! फक्त गिऱ्हाइकाच्या कापडावर पाय देऊ नका. अहो, खरं सांगते, एवढा आनंद मला आपल्या लग्नातही झाला नव्हता.

मास्तर : आता चप्पल घाल. तुझंही रक्त तपासायला द्यायचंय.

बायको : माझं? मला काय धाड भरलीय?

मास्तर : डॉक्टर म्हणाले, नवरा-बायकोत एकाला मधुमेह निघाला की दुसऱ्यालाही धोका वाढतो.

बायको : काहीतरीच! मधुमेह म्हणजे काय सर्दी आहे? आणि आपलं कुठे रक्ताचं नातं?

मास्तर : ताटाचं आहे ना! पंचवीस वर्षं एकच जेवण, एकच दुकान. मी या टेबलाशी, तू त्या मशीनवर. हातपाय हलवायला कोण गेलं होतं?

बायको : मापांची वही काढा. माझी कंबर बघा, बत्तीस! दहा वर्षं बत्तीसच. मला काही होत नाही.

मास्तर : वही खोटी आहे.

बायको : म्हणजे?

मास्तर : तुझे कपडे मीच कापतो ना? दरवर्षी अर्धा इंच वाढवत गेलो. वहीत मात्र बत्तीसच ठेवलं. तू आरशासमोर इतकी खूश असायचीस, मला बोलवेचना.

बायको : अहो! आणि मी येईल त्या बाईला तोऱ्यात सांगत बसले! द्या ती टेप इकडे.

(ती कमरेभोवती टेप लावते.)

बायको : सदतीस! गिऱ्हाइकाच्या मापात दोऱ्याएवढी चूक सोडत नाही तुम्ही, आणि घरात पाच इंच दडवलेत?

मास्तर : लाडापायी केलं गं. आज डॉक्टर बोलले आणि मला हे पाच इंचच आठवले. स्वतःचा पहिला रिपोर्ट बघून इतका घाबरलो नव्हतो.

बायको : आज नको. माझा चहा झालाय.

मास्तर : या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. विचारूनच आलोय.

बायको : सगळी नाकाबंदी करून आलात म्हणा की! पण खरंच जास्त निघाली तर?

मास्तर : तर वेळेवर कळली म्हणायचं. माझी उतरली, तुझी का नाही उतरणार?

बायको : तुम्ही एकटेच जाता ना रोज फिरायला? सकाळी किती वाजता उठावं लागेल मला?

मास्तर : साडेपाचला. आणि रिपोर्ट चांगला आला तरी साडेपाचलाच. एकट्याला करमत नाही गं मला.