इरम्माचं विरजण

जुनी इमारत पाडून बांधलेल्या स्वस्त घरांच्या किल्ल्या धाराशिवला नगरपालिकेत वाटत होते. रांगेत माझ्या पुढं एक हेल्मेटवाला, त्याच्या पुढं डबा घेतलेली म्हातारी.

"मावशी, डबा सरळ धरा, सांडंल," हेल्मेटवाला तिला म्हणाला.

"विरजण हाय. इरम्माचं."

"कोण इरम्मा?"

"जुन्या इमारतीत माझी शेजारीण. सगळा जिना तिच्याच विरजणानं दही लावायचा. इमारत पाडली तवा लेकाकडं मुरुमला गेली. जाताना म्हणली, राखून ठेव, नव्या घरात आले की घेईन."

"मग आज येतील की."

"सकाळी लेक आला हुता किल्लीला. उन्हाळ्यातच गेली म्हणला."

"अरेरे."

"त्याच्यापुढं डबा धरला, तर म्हणला, आमच्यात पिशवीचं दही येतंय."

"मग आता कशाला लावताय?"

"न्हाय लावलं तर विरजण जातंय. लावलं तर एकटीला लई हुतंय. तुमचं घर कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या. सोडतीत लागलं."

"माझंबी तिसऱ्यावरच! मग वाटी घेऊन येत जावा की."

"मी पुण्याला असतो, मावशी. घर भाड्यानं देणार हाय."

"बरं... मग जो कोण राहायला येईल त्याला सांगा, शेजारी विरजण मिळतंय म्हणावं."