साठ फेरे

(हॉस्पिटलचा जनरल वॉर्ड. खिडकीजवळची खाट. दुपार.)

ताई: चक्कर म्हणे! पाच मिनिटं हातपाय झाडत होतास, जीभ चावलीस, आणि तुझ्या साहेबांना मी ‘चक्कर’ सांगू?

धाकटा: उन्हाची चक्कर म्हण. जरा वजन येतं.

ताई: जीभ एवढी सुजलीय, तरी वळवळ थांबत नाही. गोळ्या कधी बंद केल्यास?

धाकटा: केल्या असं नाही. राहिल्या.

ताई: तुझ्या कपाटात पाच पाकिटं सापडली, न फोडलेली. तीही राहिलीच का?

धाकटा: हळू बोल ना. शेजारचे आजोबा ऐकताहेत.

ताई: ऐकू देत! आजोबा, हा माझा सख्खा भाऊ. पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन. आज सकाळी व्हॉल्व्हच्या उघड्या खड्ड्याच्या तोंडाशी पडला. जोडीदारानं पट्टा धरून मागे ओढला, नाहीतर मी आत्ता ओरडत नसते, रडत असते.

धाकटा: त्यापेक्षा ओरड.

ताई: का बंद केल्यास?

धाकटा: मोजता येईना.

ताई: काय मोजता येईना?

धाकटा: फेरे. व्हॉल्व्ह पुरता बंद करायला चाकाचे साठ फेरे लागतात. गोळी घेतली की चाळिशीच्या आसपास डोकं जड. पंचेचाळीस झाले की पस्तीस, आठवतच नाही. एकदा अर्धवट राहिला, पाणी खालीच वाहून गेलं, वरच्या वस्तीला चढलंच नाही. वीस वर्षं सगळे मला मास्तर म्हणतात, ताई. त्या दिवशी हसले.

ताई: मग डॉक्टरांना सांगायचं! गोळी बदलून दिली असती. तोंड काय फक्त विनोदाला दिलंय?

धाकटा: दोन वर्षं एकही फिट नव्हती. म्हटलं, झालो बरा.

ताई: गोळीमुळे नव्हती, शहाण्या! तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी, आणि घरात हा दिवा! ऐक. मेंदूतल्या पेशीच्या भिंतीला बारीक दारं असतात. एक उघडलं की सोडियम आत घुसतं, पेशी पेटते. मग दुसऱ्यातून पोटॅशियम बाहेर पडतं, ती निवते.

धाकटा: म्हणजे व्हॉल्व्ह.

ताई: व्हॉल्व्हच. शिवाय काही पेशींचं कामच शेजारणींना ‘पुरे’ म्हणायचं. तू मागे शिडीवरून डोक्यावर पडलास, तेव्हा त्यातल्या बऱ्याच मेल्या. उरलेल्यांनी नवी जोडणी केली, तीही भलतीकडे. आता त्या पेटत राहिल्या की बाहेर पोटॅशियम साचतं, त्यानं शेजारच्या चाळवतात, आणि सगळी वस्ती एका सुरात बोंबलते.

धाकटा: आपल्या घरासारखी.

ताई: हसू नकोस! ती सोडियमची दारं गोळीनं आवरून धरली होती. तू ती एका दिवसात सोडलीस. मला सांग, तुझा व्हॉल्व्ह तू एका झटक्यात का बंद करत नाहीस?

धाकटा: पाण्याचा दणका बसतो. पाइप फुटतो. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी...

ताई: बोल ना.

धाकटा: ...तेच शिकवतो.

ताई: आणि स्वतःच्या डोक्याला काय शिकवलंस?

धाकटा: पाणी दे जरा.

ताई: घे. साहेबांचा फोन येतोय बघ. खड्ड्यावरचं काम सुटेल, टेबलापाशी बसवतील. पण मी खोटं बोलणार नाही.

धाकटा: फिट म्हण.

ताई: नक्की?

धाकटा: हो. फक्त एकदम सांगू नकोस. हळूहळू सांग.