चौथ्या आकड्याखाली

नाही, बसा हो मास्तर, बसा. खुर्ची डुगडुगते, पण पडत नाही — माझ्यासारखीच आहे. आधी मला एक सरळ उत्तर द्या. इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात आमच्या कागद कारखान्याचं पान आहे, त्यावर माझ्या सुनेनं तीनदा लिहिलं आणि तीनदा ते पुसलं गेलं. पुसणारे तुम्हीच ना? मग झालं तर. मला वाटलं होतं कुणी मोठ्या मिशीचा बुवा असेल — तुम्ही तर फुंकर मारली तरी उडाल! कॉलेजात शिकवता, आणि संध्याकाळी घरी बसून फुकटात लोकांचं लिहिलेलं तपासता? पैसे नाही देत कुणी? नाही? मग तर तुम्ही खरंच धोकादायक माणूस आहात. पगारी माणूस एखाद्या दिवशी कंटाळा तरी करतो. — आता हे बघा. पहिल्या खेपेला सुनेनं लिहिलं, 'हे खोटं आहे, बॉयलरवाला जागा होता.' दहा मिनिटांत गायब. का, तर संदर्भ नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, 'मी तिथं होतो, मी पाहिलं.' पुन्हा गायब — स्वतः पाहिलेलं चालत नाही, छापील संदर्भ द्या. तिसऱ्यांदा मी जे सांगितलं त्यातलं तिनं निम्मंच टाइप केलं. भली बाई आहे. राहिलेलं निम्मं तुम्ही समोर आलात की ऐकवायचं ठरवलं होतं, पण तुम्ही चपला बाहेर काढून आत आलात, म्हणून सोडून देतो.

पण मला हे समजावून सांगा — माणसानं डोळ्यानं पाहिलं ते खोटं, आणि कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलं ते खरं? हा कुठला न्याय? सुनेनं ते पान मला सगळं वाचून दाखवलंय. मालकाचा जन्म कधी झाला — त्यावर बारीक आकडा, खाली संदर्भ. मालकाचा कुत्रा होता, त्या कुत्र्याला सुद्धा दोन संदर्भ! दोन! आणि माझ्या मेव्हण्याबद्दल अख्ख्या पानावर एकच वाक्य — 'बॉयलरवाला कामावर झोपल्यामुळे स्फोट झाला, त्यात तो स्वतः मृत्युमुखी पडला' — आणि त्याच्या डोक्यावर एवढासा चार. त्या चारावर बोट ठेवलं की खाली जायचं, तिथं लिहिलेलं, 'चौकशी अहवाल'. झालं, संपलं. मेल्या माणसाच्या छातीवर चाराचा खिळा ठोकून मोकळे.

हो, मेव्हणा. बायकोचा थोरला भाऊ. एक्कावन्न वर्षं झाली. तुमचा जन्म सुद्धा नसेल. त्याची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, आता साठीची आहे, पलीकडच्याच गल्लीत राहते. मागच्या महिन्यात तिच्या नातवाला शाळेत सांगितलं, आपल्या गावाविषयी माहिती लिहून आणा — त्यानं ते पान उघडलं आणि घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. पणजोबा झोपले होते म्हणे. ती तशीच उठून माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, 'आतोबा, तुम्ही तिथं होता ना? खरं सांगा, माझा बाप झोपला होता?' मी म्हटलं, नाही. एवढंच. एका शब्दाचं काम — आणि एक्कावन्न वर्षं लागली मला. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, 'तर मग तिथं तसं लिहायला सांगा.' ती सांगून गेली आणि मी सुनेला हाक मारली. हे असं सुरू झालं. मला काय हौस आहे होय तुमच्याशी भांडायची?

झोपला! अहो, ज्याला बॉयलर माहीत आहे तो असलं बोलणार नाही. त्या खोलीत झोपायचं म्हणजे भट्टीत गादी घालण्यासारखं. आणि तो तर मुलखाचा भित्रा — तास तासभर वाफेच्या दाबाच्या काट्याकडे टक लावून बसायचा, जणू तो काटा म्हणजे शेवटच्या घटका मोजणारी त्याची म्हातारी आई. बॉयलरवर एक झडप असते बघा, तिला दांडा, दांड्याला वजन. वाफ जास्त झाली की ती वजन उचलते आणि शिट्टी मारून बाहेर पडते. जीव वाचवायची सोय. पण कारखान्याच्या साहेबाला वाटायचं, ही वाफ फुकट चाललीय. चौथं मशीन नवीन आणलं होतं ना, त्याला पुरेना. म्हणून त्यानं रुळाचा एक तुकडा आणवला, तारेत ओवला, आणि सांगितलं, दांड्याला लटकवा, म्हणजे झडप उचलायचीच नाही. मेव्हण्यानं काढून टाकला. पुन्हा लटकवला — पुन्हा काढला. त्या दिवशी तो म्हणाला, आता मी ऑफिसात जाऊन लेखीच देतो. लेखी! तुमच्यासारखंच वेड — लिहून दिलं की खरं होतं. पाच मिनिटांसाठी गेला, तेवढ्यात कुणीतरी तो तुकडा परत अडकवला, आणि तो परत येऊन दारातून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच — असो. कुणीतरी म्हणजे कुणीतरी. एवढी माणसं कामाला होती.

पिशवीत काय आहे? कसले कागद? — अहवाल? कुठून आणलात? सरकारी दप्तरातून? अर्ज करून? अरे देवा. मी तुम्हाला म्हटलं होतं का आणायला? मी म्हटलं, वाक्य काढा. कागद आणा असं नव्हतं म्हटलं. — हो, कळतंय, चांगल्या मनानं आणलात. सगळी नासाडी चांगल्या मनानंच होते.

वाचू नका. चष्मा खाली ठेवा. — मला माहीत आहे त्यात काय आहे. एकच साक्षीदार. 'बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा कामगार.' 'मी कोळशाची गाडी घेऊन आत गेलो तेव्हा बॉयलरवाला भिंतीला टेकून झोपलेला होता.' बरोबर? शब्दन् शब्द. खाली सही. सहीखालचं नाव मोठ्यानं वाचू नका, शेजारच्या भिंती पातळ आहेत.

आणि तुम्हाला आधीच कळलं होतं, नाही का? सुनेनं खातं उघडताना विचारलं, नाव काय ठेवू? मी म्हटलं, ठेव — कोळसेवाला. हात दाखवून अवलक्षण. तिकडे तुम्ही अहवाल काढलात, त्यात कोळसेवाला. इकडे भांडतोय तोही कोळसेवाला. घ्या, मिळाला तुमचा छापील संदर्भ. समोर बसलाय, खुर्ची डुगडुगवत.

काय म्हणता? वाचता येत नव्हतं का? सगळ्यांना मी तसंच सांगतो. चौथीत शाळा सुटली, सही तेवढी येते, साहेबानं बोट दाखवलं तिथं केली. भाचीला पण तसंच सांगितलं असतं. पण खोटं कशाला, तुम्ही तर तपासणारच — मला वाचता येत होतं. अडखळत, पण येत होतं. 'झोपलेला' हा शब्द मी दोनदा वाचला. साहेब म्हणाला, तो तर गेला, त्याला आता काय होतंय. तू आहेस, तुझं बघ. आणि — तुकडा कुणी अडकवला ते सुद्धा त्यालाच माहीत होतं. त्याच्याच सांगण्यावरून मी — हां. मी. अडकवला आणि गाडी भरायला बाहेर गेलो. म्हणून वाचलो. आता बघताय ना हे घर? दोन खोल्या, नळ घरात. सही केल्यावर पंधरा दिवसांत कारखान्याकडून मिळालं. बायको मरेपर्यंत घरातल्या नळाचं पाणी प्यायली नाही. रोज बादली घेऊन बाहेरच्या नळावर जायची, रांगेत उभी राहायची. मी कधी विचारलं नाही का. तिनं कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षं, मास्तर. आपलेच दात, आपलेच ओठ.

तुमच्या त्या पानाचं एक मात्र मला पटलं. सून दाखवत होती — मागचा इतिहास म्हणून असतो, कुणी काय लिहिलं, कुणी पुसलं, सगळं तारखेसकट तिथं राहतं. पुसलेलं पण जात नाही. मी तिला म्हटलं, बंद कर ते.

— वर्तमानपत्रात? म्हणजे मी बातमीदाराला सांगायचं, तो छापणार, मग तुम्ही तेच छापलेलं तिथं लावणार? मग चालतं? तेच तोंड, तीच जीभ, मध्ये एक शाईवाला आला की चाललं! ... नावासकट? नावाशिवाय नाही होणार? हं. म्हणजे तिचा बाप जागा होतो आणि मी — बरं. बरोबर आहे. तुमचं काही चुकत नाही, तेच तर वाईट आहे. सांगतो. आज भाचीला बोलावलंय पाच वाजता, मास्तर येणार आहेत म्हणून. आधी तिला सांगतो. छापून आल्यावर कळण्यापेक्षा तोंडानं कळलेलं बरं. तो कागद इथं ठेवा, टेबलावर. उडेल म्हणून सहीवर वाटी नका ठेवू, दिसू दे तिला.

दार वाजलं. तीच. ती नेहमी दोनदा वाजवते, हळू.

ये गं. ये, आत ये — आज तरी आत ये. हे मास्तर, तिथं लिहिणारे. बस. पाणी देऊ? ... नाही गं. नाही मिळालं काही. यांनी फार शोधलं बिचाऱ्यांनी, सरकारी दप्तरात सुद्धा गेले. जुने कागद वाळवीनं खाल्ले म्हणतात. संदर्भच नाही, तर ते तरी काय करणार? ... ते? ते टेबलावरचं यांचं आहे, कॉलेजचं. — घ्या मास्तर, विसराल तुमचं. पिशवीत घाला. आणि असे बघत काय उभे राहिलात? उशीर होतोय तुम्हाला. या आता. दार जरा ओढून घ्या.