फरशी गार आहे

नाही नाही, पिल्लाला खाली नको सोडायला, फरशी गार आहे — माझ्या मांडीवरच बघा ना, इथे उजेडही बरा आहे. बसा, खुर्चीवरचे ते कपडे सारा बाजूला, सारा हो, चुरगळले तर चुरगळले, शिवून झाल्यावर इस्त्री करायचीच असते. तर काय म्हणत होता, आईंसाठी हवंय? एकट्या असतात, गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही — मग पॉमेरेनियनच बरं, घरातल्या घरात फिरतं. पण ताई, एवढंसं जातिवंत पिल्लू घ्यायचं म्हणजे डोळ्यांत तेल घालून घ्यायचं. अंगठा ठेवा इथे, डोक्यावर, हळू — भरलीय ना टाळू? कित्येकांची भरतच नाही, तान्ह्या बाळासारखी लपलपत राहते. हिरड्या बघा, गुलाबी. पांढुरक्या दिसल्या तर उठून चालायला लागायचं, कितीही गोड दिसू दे. आणि आईंना सांगा, दर तीन-चार तासांनी खायला घालायचं, इतकी लहान पिल्लं उपाशी राहिली की साखर उतरते, मान टाकतात. कोणी म्हणालं ना, कपात मावेल एवढं देतो, तर समजायचं, हा पिल्लू नाही, दुखणं विकतोय.

कुठे शिकले? शिकते कसली! पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात — माझ्या पुढे होता माझा सख्खा भाऊ, आणि दगड त्यानेच ठेवलेला. ही मशीनखाली झोपलीय ना, ठमी, ह्याची आई — दमलीय हो, तीन पिल्लं पाजलीत, दोन लोकांनी नेली, हे शेवटचं — तर ही दादाकडची. त्याचा धंदाच तो, वीस वर्षांचा. तसा वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू, हे शिलाई मशीन त्यानेच घेऊन दिलं मला. लग्न मोडून घरी आले तेव्हा म्हणाला, एकटी पडू नकोस, एक पिल्लू ने. मी गेले. वहिनीने चहा केला, दादाने ठमीला असं छातीशी धरून आणलं आणि तासभर धरूनच बसला. मी म्हटलं, अरे सोड की खाली, चालते कशी बघू दे. तर म्हणाला, फरशी आत्ताच पुसलीय, घसरेल. मला वाटलं, किती जपतो! ताई, हातात धरलं ना, की कुत्र्याचे चारही पाय सारखेच दिसतात.

घरी आणून खाली ठेवली — चार पावलं टाकली आणि मागचा एक पाय वर. लंगडी घातल्यासारखी तीन पायांवर गेली, मग पाय झटकला, पुन्हा नीट. आणि मी वेडी, मी हसले! मला वाटलं खेळतेय. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन जरासा वळवला, तर टक्‌ असा आवाज — म्हणाले, गुडघ्याची वाटी सरकते, दोन्हीकडची. ह्या छोट्या जातींत फार, रक्तातूनच येतं. आणि म्हणाले, ज्याने विकली त्याच्या लक्षात आलं नाही असं होणार नाही. मी म्हटलं, डॉक्टर, तो माझा भाऊ आहे. ते हात धुवायला गेले.

तशीच दादाकडे गेले. जेवत होता. माहीत होतं तुला? — हो. — मग सांगितलं का नाहीस? तर ताटावरची नजर न उचलता काय म्हणाला माहितेय? "तू विचारलंस का?" एवढंच! केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. आणि ठमीची बहीण, चांगली धडधाकट, ती स्वतःकडे ठेवलीन. चार वर्षं झाली, मी त्याचा उंबरा चढले नाही. अजून जीव जळतो हो, शिवताना मध्येच आठवतं आणि टीप वाकडी जाते. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, हिला पिल्लं होऊ देऊ नका, पोटच्यांत उतरेल — पण माझ्या डोक्यात राख! म्हटलं, चांगली खणखणीत होतील आणि नेऊन दादाच्या अंगणात सोडीन, बघ म्हणावं. आणि झालीच की तशी, दोन तर अगदी — नाही, हेही चांगलंच आहे. डोळे बघा कसे स्वच्छ. कान बघा. खाली सोडलं असतं मी, पण टाचण्या पडल्यात शिवणाच्या, रुततील.

हे काय, दोन्ही हात पुढे कसले करताय? ठरलंसुद्धा? अहो, विचारा ना अजून काही. पहिल्यांदाच घेताय, काहीतरी विचारा. — काय? इतकं खरं बोलणारं माणूस भेटत नाही? तुमच्या शब्दावर नेते?

शब्दावर.

दादाला मी हेच म्हटलं होतं. तुम्ही विचारत का नाही हो? केव्हाची बोलतेय मी, सगळं सांगून बसले, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, फरशीचंसुद्धा सांगितलं, आणि तुम्हाला एक साधं विचारता येईना? मी कोण तुमची, की माझ्या शब्दावर न्यावं?

टाचण्या नाहीत खाली. सकाळीच लोहचुंबक फिरवलंय. थांबा, सोडते. बघा. एक — दोन — तीन — हं. उचलला. डावा. हसू नका, खेळत नाहीये ते.

उठा आता. आईंना सांगा, मिळालं नाही. नाही, आता मागितलंत तरी देणार नाही, ह्याला जिने चढून उचलून कोण नेणार, दुखलं तर कोण बघणार, तुम्ही का आई? त्या मशीनखाली जागा आहे अजून एकाला. आणि जाताना दार ओढून घ्या, नाहीतर हे पळून — पळतंय कुठलं. जा तुम्ही.